काका, नाक लाल!

"आमचा पुस्तक घेऊन बसतच नाही हो. तुम्ही घरी वाचायला कसं शिकवलंत?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की एकदा नीट सविस्तर उत्तर द्यावं असं वाटलं. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा होता. पुस्तक उघडलं की त्याला तहान लागायची, पाय दुखायचे, पेन्सिल हरवायची. गोष्ट ऐकायला मात्र तो कधीही तयार असे. म्हणजे पुस्तकाचं वावडं नव्हतं. मग घोडं कुठे अडत होतं?

पहिले तीन महिने मी ते शोधलंच नाही. रोज अर्धा तास समोर बसवलं, समजावलं, आमिषं दाखवली, एकदोनदा आवाजही चढवला. त्या चढलेल्या आवाजाचं मला अजून वाईट वाटतं. कारण पुढे कळलं, की तो आळस करत नव्हता. रोज आपल्याच आईसमोर चुकायची त्याला भीती वाटत होती.

एके दिवशी मी कागदावर फक्त 'कप' लिहिलं आणि विचारलं, "काय लिहिलंय?" तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "कमळ पतंग." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भिंतीवरचा तक्ता त्याला क पासून ज्ञ पर्यंत घडाघडा पाठ होता, पण तो गाण्यासारखा. 'क' ही खूण त्याच्यासाठी कमळाच्या चित्राचं नाव होती. त्या खुणेचा एक आवाज असतो आणि आवाजाला आवाज जोडला की शब्द होतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

म्हणून महिनाभर कागद बाजूला ठेवला आणि फक्त कानाचे खेळ खेळलो. 'पतंग'मधला प काढला तर काय उरतं? 'मासा'च्या सुरुवातीला ओठ काय करतात? मी "कऽऽ... प" असं तोडून म्हणायचे, त्याने जोडून सांगायचं. मराठीत इथे एक अडचण आहे, जी आपल्या मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. 'कप' लिहिताना दोन्ही अक्षरांत अ असतो, बोलताना शेवटचा गळतो. 'करतो' लिहितो, म्हणताना 'कर्तो' म्हणतो. मूल प्रामाणिकपणे एकेक अक्षर पूर्ण म्हणतं आणि त्यातून जे तयार होतं, तसा शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसतो. त्याला "नीट वाच" म्हणून काय उपयोग? "आता भरभर म्हण, ओळखीचा शब्द ऐकू येतोय का बघ" असं म्हटलं की बहुतेक वेळा त्याचं त्याला सापडतं.

मग अक्षरांकडे वळलो, पण तक्त्याच्या क्रमाने गेलो नाही. क-ख-ग-घ-ङ ही मांडणी उच्चारस्थानांची आहे आणि फार सुंदर आहे, पण वाचायला शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात ङ घेऊन काय करायचंय? मी पाच अक्षरं घेतली: क, न, म, ल, र. आणि एक काना. एवढ्यात किती शब्द होतात ते करून बघा. कान, नाक, मान, मामा, काका, लाल, मला, कमान. तिसऱ्या आठवड्यात मी एका चिठ्ठीवर "काका, नाक लाल!" लिहून त्याच्या उशीवर ठेवलं. तो ओठ हलवत बसला, मग एकदम खदखदून हसला आणि चिठ्ठी घेऊन घरभर धावला. त्याने स्वतः वाचलेलं हे आयुष्यातलं पहिलं वाक्य. मी ते आधी वाचून दाखवलं नव्हतं, चित्रही नव्हतं. अक्षरांतून थेट विनोद बाहेर आला होता. त्यानंतर रोज उशीवर चिठ्ठीची मागणी सुरू झाली.

तुमचं मूल अडतं तेव्हा नेमकं कुठल्या खुणेपाशी अडतं, ते वहीत टिपून ठेवा. माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे. आमच्या यादीत घ-ध, भ-म आणि थ-य होते. दिसायला जवळची अक्षरं एकाच दिवशी शिकवली की गोंधळ पक्का होतो. मी घ पूर्ण मुरल्यावर तीन आठवड्यांनी ध आणला. पहिली वेलांटी हे मोठं प्रकरण होतं. 'दिवा'मध्ये ती द च्या आधी दिसते आणि म्हणायची मात्र नंतर. डावीकडून वाचणाऱ्या मुलाला ती आधी भेटणारच. "आधी अक्षराला हाक मार, मग त्याची वेलांटी बघ" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल! आणि ल? पुस्तकातला पाकळ्यांचा ल त्याला येत होता, मोबाईलवरचा दांडीचा ल येत नव्हता. दोन वळणं आहेत हे मला सुचायलाच आठवडा लागला.

इंग्रजीशी तुलना करून घाबरू नका. तिथे अक्षरं २६. आपल्याकडे ३४ व्यंजनांना बाराखडीची १२ रूपं दिली तरी ४००च्या वर आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता (२००७). कन्नड लिपीची घडणही आपल्यासारखीच, आणि तिथे अक्षरं पक्की व्हायला शाळेची पहिली काही वर्षं जातात असं दिसलं. पहिलीतल्या मुलाला वेळ लागला, तर तो लिपीचाही वेळ आहे.

या सगळ्या काळात एक गोष्ट मी एकही दिवस थांबवली नाही. रात्री मी त्याला वाचून दाखवायचे, आणि तेव्हा "हे काय लिहिलंय सांग" असं अजिबात विचारायचं नाही. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली एक साधं सूत्र मांडलं: वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली तर उत्तर शून्य. त्याची पहिली बाजू कच्ची होती तेव्हा दुसरी तरी मला वाढवता येत होती. रात्रीच्या गोष्टींतून ती वाढत होती. म्हणून मूल वाचायला लागल्यावरही वाचून दाखवणं बंद करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. "आता तुझं तू वाच" हे ऐकल्यावर मुलाला वाचता येण्याची शिक्षा मिळाल्यासारखं वाटतं.

वेळ दहा मिनिटं, आणि कंटाळा येण्याआधी मीच थांबायचे. तो अडला की मनात पाच आकडे मोजायचे, मगच मदत. 'घर'चं 'धर' वाचलं तर "चूक" न म्हणता त्याचंच वाक्य त्याला परत ऐकवायचे: "आई धर झाडते, असं?" तो स्वतःच मागे जाऊन दुरुस्त करायचा.

डोळे आणि कान आधी तपासून घ्या, हेही सांगायला हवं. आणि महिनोन् महिने शांतपणे शिकवूनही ओळखीची अक्षरं रोज नव्याने परकी होत असतील, तर तज्ज्ञांना दाखवा. उशीर करू नका.

किती दिवस लागले, हेही सगळे विचारतात. चिठ्ठीपासून छोटं पुस्तक एकट्याने वाचेपर्यंत सात महिने. अजून तो शब्दाखाली बोट ठेवतो, मी ठेवू देते. सध्या जोडाक्षरं चालू आहेत आणि त्याला र ने वेड लावलंय. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये पायाला तिरका चिकटतो, 'राष्ट्र'मध्ये खाली टोपी होतो, 'वाऱ्या'त अर्धा होऊन पुढच्याला बिलगतो. लपलेला र शोधायचा खेळ आम्ही करतो. काल झोपायला गेलेला उठून आला आणि म्हणाला, "आई, 'कृपा' म्हणताना पण र ऐकू येतो. मग त्यात तो कुठे लपलाय?" आम्ही दिवा लावला आणि पुन्हा पुस्तक काढलं.