पंचनाम्यात न मावणारी वेचणी

माझ्या आजीचे गाव मूर्तिजापूर तालुक्यात आहे. यवतमाळहून सुटीत तिकडे जाताना आम्ही शकुंतला रेल्वेने प्रवास करत असू. त्या अरुंद रुळांवर १९९४ पर्यंत धावलेले वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झाले होते. वऱ्हाडातील कापूस मुंबई बंदराकडे नेऊन पोचवण्यासाठी हा मार्ग टाकला गेला आणि स्वातंत्र्यानंतरही तो खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला. ज्या भागातील गिरण्यांसाठी आमचा कापूस जात होता, तिथूनच हे इंजिन आले होते, हे मला फार उशिरा कळले. हवामानबदलाविषयी वाचताना हल्ली ते इंजिन वारंवार आठवते, कारण पाऊस बिघडल्यावर आमच्याकडे कोणाचे किती नुकसान होते, हे ठरवणारी घडी त्याच इंग्रजी अमलात बसली आहे.

निजामाने पोसायच्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टर परिसरातल्या लँकशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचा भाव अचानक वधारला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, आणि १८७० मध्ये खामगावची लहानशी शाखा सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. जेमतेम तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी एवढा मोठा पाहुणा केवळ तिथल्या कापूस बाजारामुळेच आला असणार. याच सुमारास मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमिनीची मोजणी होऊन शेत, सारा आणि खातेदार यांची नोंद पक्की झाली. सारा रोखीत भरायचा, रोख कापसातून यायची, आणि तोवरच्या गरजेला सावकार होताच. ज्वारीच्या रानात कापूस शिरला तो असा. बियाण्याची ओढही तीच राहिली: कमी पाण्यावर तग धरणारे, आखूड धाग्याचे देशी वाण आज अगदी थोड्या शेतांत उरले आहेत, आणि २००२ मध्ये परवानगी मिळालेले, बोंडअळीला तोंड देणारे बीटी बियाणे आपल्याकडे संकरित असल्यामुळे ते दरवर्षी विकत घ्यावे लागते.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षी पाऊस फसला. दुसऱ्या वेळचा तो, विक्रम संवत १९५६ मधला म्हणून, ‘छप्पनचा दुष्काळ’. रेल्वे होती, धान्य बाहेरून आणता येत होते, पण कामच बंद पडल्यामुळे ते विकत घ्यायला मजुराच्या हातात पैसा नव्हता. माणसे अन्नाच्या तुटवड्याने मेली की मजुरी तुटल्याने, हा प्रश्न इथे नुसता शब्दांचा नाही.

दुष्काळात कोणाला किती द्यायचे, यात वंशही पाहिला जाई, आणि हे मला रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत सर्वांत उघडपणे दिसते. नागपूरला मध्य प्रांताचे चीफ कमिशनर राहिलेल्या या अधिकाऱ्याने १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोक जगवले, आणि उधळपट्टी केली म्हणून टीका झेलली. तीन वर्षांनी मद्रास आणि मुंबई इलाख्यांतल्या दुष्काळात त्याच अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाकाठी एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य पुरे असल्याचे ठरवले. माणसे कशी वाचवायची, हे त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोयच उरत नाही. एवढ्यावर खडी फोडता येते हे गृहीत धरताना डोळ्यांसमोर काळी माणसे होती. लँकशायरच्या गिरणीकामगाराचे माप त्यांना कोणी लावले नसते. बायकांची मजुरी तर त्याहूनही कमी धरलेली असे.

आता पाऊस वेगळ्या तऱ्हेने फसतो. जूनमध्ये पेरणी होते, मग पंधरा-वीस दिवसांचा खंड पडतो, दुबार पेरणी करावी लागते आणि बोंडे फुटायच्या वेळी अवकाळी येऊन कापूस काळा पडतो. त्यानंतर तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतात. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर हेक्टरी मदत मिळते, आणि ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराच्या खात्यात जमा होते. नियम म्हणून यात खोट काढता येत नाही. पण वेचणीची मजुरी किलोवर असते. पऱ्हाटीला बोंडेच धरली नाहीत, तर ओटी बांधून रानात उतरणाऱ्या बाईचा सगळा हंगाम बुडतो, आणि तिच्या बुडालेल्या किलोंसाठी पंचनाम्यात रकानाच नसतो.

ही बाई बहुधा भूमिहीन असते, बहुधा बौद्ध, कोलाम किंवा गोंड असते. जमिनीच्या नोंदी पक्क्या होत गेल्या, तेव्हा तिचे पूर्वज दुसऱ्याच्या शेतात राबत होते किंवा राखीव झालेल्या जंगलाच्या कडेला ढकलले गेले होते. जमीन असलेल्या घरातल्या बाईची गतही फार वेगळी नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या जमीनधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून गावोगावच्या पुरुषांना बायकोच्या नावे जमीन करायला लावले, हे मला आजही त्या चळवळीचे सर्वांत धाडसी काम वाटते, भाववाढीच्या आंदोलनांपेक्षाही.

जगाच्या वहीतही असेच रकाने आहेत. २०२२ मध्ये आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रीय मंडळाच्या अहवालाने वसाहतवादाचे नाव घेऊन सांगितले की लोकांवर हवामानाचा मार किती बसतो, यात त्याचा वाटा आहे. पुढच्या वर्षी कार्बन ब्रीफ या हवामानविषयक ब्रिटिश संकेतस्थळाने वसाहतींमधले उत्सर्जन सत्ताधारी देशांच्या नावावर मांडून पाहिले, तेव्हा ब्रिटनचा ऐतिहासिक वाटा जवळजवळ दुप्पट झाला. इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या २०२२ च्या हवामान परिषदेत, हवामानाचा फटका बसलेल्या गरीब देशांना मदत करणाऱ्या ‘हानी आणि नुकसान’ निधीवर एकमत झाले. त्यातला पैसा देशांच्या सरकारांमार्फत आला, तर तो खाली येईपर्यंत पुन्हा सातबाऱ्यापाशीच थांबेल अशी मला भीती वाटते.

भीती वाटते, कारण मी सातबाऱ्याच्या आतल्या बाजूला आहे. अतिवृष्टीच्या एका वर्षी आमच्या शेताचा पंचनामा झाला आणि मदतीची रक्कम काकांच्या खात्यात आली. त्याच दिवाळीत आमच्याकडे वर्षानुवर्षे वेचणीला येणाऱ्या मावशी भेटल्या. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, “यंदा तुमच्या वावरात तीनच दिवस वेचणी झाली, बाप्पा.” काकांनी त्यांना त्या तीन दिवसांचे पैसे किलोच्या हिशेबाने आधीच चुकते केले होते, आणि त्यात त्यांना काही वावगे वाटले नव्हते. मलाही त्या वेळी वाटले नाही.