गोल टेबलाला शेवटचा बाक नसतो

दुपारी ड्रॉवर आवरायला घेतला (म्हणजे उपसला, आवरणं अजून बाकीच आहे) तर तळाशी कॉलेजच्या पहिल्या दिवशीचा नावाचा स्टिकर सापडला. गोंद कधीच मेलाय, कडा वळल्यात. नावाखाली 'मेजर' (म्हणजे मुख्य विषय) असं छापलंय आणि त्यापुढे मी लिहिलंय, अनडिसायडेड. तेही एकदा खोडून.

लिबरल आर्ट्सला ऍडमिशन मिळाली तेव्हा आजी म्हणाली होती, "आर्ट्स म्हणजे चित्रकला ना? अगं, तुला तर सरळ रेघ मारता येत नाही." मी समजवायच्या भानगडीत पडले नाही, मला तरी कुठे माहीत होतं. मग ओरिएंटेशनमध्ये कळलं की लॅटिनमध्ये 'लिबर' म्हणजे मुक्त, जो गुलाम नाही अशा माणसानं शिकायच्या त्या या विद्या, आणि मध्ययुगात त्या सात धरायचे, व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत, खगोलशास्त्र. यादीत चित्रकला नाहीच! आजीला तेवढं मात्र त्याच रात्री फोन करून सांगितलं.

मुक्त म्हणजे इतकं मुक्त की पहिले काही दिवस कुठल्याही वर्गात जाऊन बसा, नाही पटलं तर ड्रॉप करा. शाळेत अख्खं टाइमटेबल कुणीतरी हातात दिलेलं असायचं, इथे कोरा आठवडा समोर. सकाळी खगोलशास्त्र, दुपारी तर्कशास्त्र, आणि संध्याकाळी खोलीत बसून चक्क रडले.

पण खरा घात केला तो टेबलानं. सेमिनारच्या खोलीत बाकच नाहीत, मधोमध एक लांबट गोल टेबल, भोवती बारा-चौदा खुर्च्या आणि प्रोफेसर त्यातल्याच एकीवर. मी आयुष्यभराची शेवटच्या बाकावरची. चौथीत माझ्या बाकावर कुणीतरी कर्कटकानं नाव कोरलेलं होतं, तास चालू असताना मी त्या खाचांतून अंगठा फिरवत बसायचे, खाचेत जुनी शाई आणि खोडरबराचा चुरा, नखानं काढायचा, परत भरायचा. सरांची नजर तिथपर्यंत यायची नाही. आली तरी दमून यायची.

इथे लपायला जागाच नाही. दुसऱ्याच दिवशी प्रोफेसरांनी माझ्याकडे बघून विचारलं, तुला काय वाटतं? पुस्तकात काय आहे ते नाही हां, तुला काय वाटतं. बारा वर्षांत हा प्रश्न मला एकदाही आला नव्हता, त्यामुळे उत्तर पाठ नव्हतं. काहीतरी बोलले. आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं! सर लोक आपलं बोलणं लिहून घेतात? मी दोन दिवस हवेत. नंतर एकदा त्यांची वही उघडी दिसली, हळूच डोकावले, तर माझं वाक्यबिक्य काही नाही, माझं नाव होतं, तुकडे तुकडे करून, कुठे जोर द्यायचा त्याच्या खुणांसकट.

हिरमुसले थोडी. पण पुढच्या तासाला हाक अगदी बरोबर आली.

आता स्टिकर हातात धरून उगाच तो बाक आठवतोय. नाव कोरणाऱ्याला तुला काय वाटतं म्हणून कुणी कधी विचारलं असेल का? इतकं खोल कोरलं होतं त्यानं. आणि मी वर्षभर त्यावरून अंगठा फिरवला, तरी ते नाव काय होतं, आज आठवत नाही. 'सं'वरून होतं काहीतरी.