जानेवारीत जाऊन बसलेली दुधाची बिले

२००२ च्या ऑगस्टअखेरीस सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला बोलावून घेतले. घरोघरी जाऊन संगणक बसवून देणे आणि दुरुस्त करणे हा तेव्हा माझा व्यवसाय होता. बाईंच्या मुलाने अमेरिकेहून पाम थ्री-एक्सई हा तळहातावर मावणारा संगणक पाठवला होता. त्यावर खर्च टिपून ठेवणारा एक छोटा प्रोग्राम होता आणि त्यातल्या नोंदी क्यूआयएफ फाइलच्या रूपाने घरच्या संगणकावरील हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या जात. बाई म्हणाल्या, “पासबुकापेक्षा इथे शिल्लक जास्त दिसतेय. मी एकही खर्च लिहायचा सोडलेला नाही. तुम्ही वही पडताळून बघा.”

मी वही पाहिली. १ एप्रिलपासूनची प्रत्येक नोंद तीत होती, कारण यंत्रावर पूर्ण विश्वास बसेपर्यंत वही बंद करायची नाही, असे बाईंनी ठरवले होते. पण यंत्रही त्यांनी मनापासून वापरले होते. भाजीच्या गाडीपाशीच, सुटे पैसे पर्समध्ये टाकण्याआधी, त्या पडद्याखालच्या चौकटीत डाव्या बाजूला अक्षरे आणि उजव्या बाजूला आकडे काडीने गिरवीत. अशा यंत्राचा खरा उपयोग हाच आहे, असे मला आजही वाटते. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या हिशेबात पाच-दहा रुपयांच्या खर्चांचा हमखास विसर पडतो.

संगणकावरची खतावणी उघडली आणि मी चकित झालो. दर महिन्याच्या १ तारखेला दिलेली दुधाची पाच बिले ४, ५, ६, ७ आणि ८ जानेवारी अशी ओळीने लागली होती. हिशेब सुरू झाला एप्रिलमध्ये आणि दूधवाला जानेवारीत रोज पैसे घेऊन गेलेला! ९ मे रोजी विम्यासाठी दिलेला धनादेश ५ सप्टेंबरला, तर १० जूनचे विजेचे बिल ६ ऑक्टोबरला पडले होते. या तारखा अजून उजाडल्याच नव्हत्या, त्यामुळे त्या रकमा आजच्या शिल्लकेतून वजा होत नव्हत्या. ५ मेची नोंद मात्र जागच्या जागी होती आणि प्रत्येक महिन्याच्या १३ तारखेपासून पुढच्या सगळ्या नोंदी बिनचूक होत्या.

क्यूआयएफ ही साधी मजकुराची फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडल्यावर डी या अक्षरापुढे तारीख, टीपुढे रक्कम, पीपुढे पैसे कोणाला दिले त्याचे नाव आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी टोपीसारखे एक चिन्ह दिसले. तारखेत आधी महिना की आधी दिवस, हे त्या फाइलमध्ये कुठेच सांगितलेले नसते. अमेरिकेत घेतलेल्या पामने महिना आधी लिहिला होता; इथल्या संगणकाच्या विंडोजमध्ये भारतीय पद्धत निवडलेली असल्याने सॉफ्टवेअरने पहिला आकडा दिवस मानला. तेरावा महिना नसतो, म्हणून १३ पासूनच्या तारखा त्याने गुपचूप उलटून घेतल्या. मला हे गुपचूप वागणेच सर्वांत घातक वाटते. त्याने त्या नोंदी नाकारल्या असत्या, तर एप्रिलमध्येच सारे लक्षात आले असते आणि बाईंना चार महिने स्वतःच्या हिशेबावर शंका घ्यावी लागली नसती.

दुरुस्तीला हात लावण्याआधी पाममध्ये नवे ट्रिपल-ए सेल घातले, कारण त्यातली माहिती सेलच्या विजेवरच टिकून असते. मग हॉटसिंक करून, म्हणजे पाम संगणकाला जोडून दोन्हीकडची माहिती जुळवून, तिची प्रत संगणकावर घेतली. त्यानंतर पामच्या प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे आवडीनिवडी ठरवण्याच्या पानावर, देश म्हणून अमेरिकेऐवजी युनायटेड किंग्डम निवडला, म्हणजे तारखेत दिवस आधी येऊ लागला. आधी आणलेल्या नोंदी पुसून एप्रिलपासूनची फाइल पामवरून नव्याने काढली आणि एका रिकाम्या खात्यात घेतली. बाई वहीतून तारीख वाचत होत्या आणि मी पडद्यावर बोट ठेवीत होतो. १ एप्रिल, दूध. १ मे, दूध. विम्याचा धनादेश ९ मेला आला तेव्हा बाईंनी वहीत त्या ओळीवर बरोबरची खूण केली.

शेवटी शिल्लक पासबुकाशी ताडली. आता पासबुकातच थोडे पैसे जास्त होते. घर रंगवणाऱ्याला दिलेला धनादेश त्याने अजून बँकेत भरलेला नव्हता, हे खतावणीवरून लगेच कळले, आणि बाईंनी तिथूनच त्याला फोन लावला.