लगेच

कालपासून एकच शब्द डोक्यात फिरतोय. लगेच.

झालं ते एवढंसंच. मागच्या शनिवारी डॉक्टर माझ्या मुलाला म्हणाले, सध्या बरं चाललंय तर आत्ताच लिहून ठेव, पुढे कधी बिघडलं आणि तुझं तुला ठरवता येईना, तर तुझ्या वतीने कोणी बोलायचं ते. मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्यात तशी सोय आहे. छापील फॉर्मही लागत नाही, साधा कागद आणि खाली सही. मनात आलं तर नाव पुन्हा बदलताही येतं. 'नामनिर्देशित प्रतिनिधी' असं भारदस्त नाव आहे त्याला. डॉक्टर आपले नॉमिनी म्हणतात. मी मनात म्हटलं, यात विचारायचं काय? पासबुकापासून पीपीएफपर्यंत या घरातल्या प्रत्येक कागदावर नॉमिनी मीच आहे.

घरी आल्यावर त्याने चौकटीच्या वहीचं पान फाडलं. आधी नुसती अक्षरं लिहिली, मग पट्टी लावून वरची रेघ मारली. ड्रॉइंगच्या शीटवर मारायचा तशी, एका दमात. अक्षर हल्ली मुंगीएवढं झालंय, पण रेघ अजून सरळ येते. मी चहा ठेवता ठेवता नाव वाचलं.

बाबाचं.

आता बाबाला गोळ्यांची नावं येत नाहीत. 'ती पिवळी' आणि 'ती रात्रीची अर्धी', एवढ्यावर यांचा कारभार. वही कोणाकडे आहे? कुठली गोळी कधी वाढवली, कधी झोप उडाली, कुठल्या तारखेला पुन्हा ती बाई टीव्हीतून बोलायला लागली, सगळं माझ्या अक्षरात. क्लोझापीनने रात्री लाळ गळते म्हणून उशीवर जुना टॉवेल घालायचा, हे कोणाला सुचलं? रोज रात्री इसबगोल कोण कालवतं? दोन औषधं करून झाल्यावर हे तिसरं आलं, त्या दोघांचे दुष्परिणाम मला तोंडपाठ आहेत. आणि पत्रिका बाबाच्या नावाची निघाली.

दोन दिवस गप्प बसले. (हे माझ्यासाठी फार झालं.) काल वाल सोलत होतो दोघं. त्याला ते काम आवडतं. भिजलेला दाणा चिमटीत धरायचा, टोकाशी दाबायचा, साल मागे राहते आणि डाळिंबी सुटून परातीत पडते. तेवढा वेळ त्याचं डोकं शांत असतं असं तोच म्हणाला होता एकदा. मी परातीकडे बघतच विचारलं, "बाबाचं नाव का रे घातलंस?"

त्याने हातातला दाणा सोलला. मग म्हणाला, "तू लगेच सही करतेस."

बस. रागाने नाही, काही नाही. कांदा आणायला सांगावं तसं.

लगेच? त्या वेळी तीन रात्री आम्ही कोणी झोपलो नव्हतो. गच्चीच्या दाराला कुलूप लावून किल्ली मी ब्लाउजमध्ये ठेवली होती. असो, ते नको. पण हॉस्पिटलात त्या टेबलावर भरतीचा कागद पुढे सरकवला तेव्हा मी तो दोनदा वाचला, हे मला पक्कं आठवतंय. तीस दिवसांपर्यंत ठेवून घेता येईल, असं त्यात होतं. दोनदा वाचून मग सही केली. की एकदाच वाचला? पेन माझं होतं की त्यांचं? तो समोर बाकावर बसला होता, एका पायात चप्पल, आणि माझ्या हाताकडे बघत होता. म्हणजे त्याने पाहिलंय, मी किती वेळ घेतला ते. त्याचं घड्याळ खरं की माझं?

आणि हे तेव्हा कुठे होते? खाली. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून चकरा मारत होते. वर आले तेव्हा सगळं उरकलं होतं. म्हणजे ज्याला पार्किंग मिळालं नाही, तो निर्दोष सुटला. मला त्या दिवशी कोपऱ्यावर एखादी जागा रिकामी दिसली असती, तर आज कागदावर... जाऊ दे.

धाकटीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, तुला सुटका नको आहे का?" तिला काय जातंय म्हणायला. तिचं स्वतःचं ते प्रकरण अजून... तेही जाऊ दे.

सुटका. रात्री हाही शब्द घोळवून पाहिला. खरं सांगायचं तर पहाटे तीनला अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्याचाच राग आला. बघा, पुन्हा लगेच.

सकाळी प्रतिनिधीसाहेब माझ्या आधी उठले होते. चष्मा लावून, गोळ्यांची पाकिटं ओळीने मांडून, नावं मोठ्याने वाचत बसले होते. "क्लो-झा-पीन." शाळेत पाढे म्हणावेत तसं. मग जरा चाचरत म्हणाले, "अगं, तुझी ती वही दोन दिवस देशील का वाचायला?" मला हसू आलं. हिशेबाची वही मागताना कधी एवढे नमून बोलले नाहीत. दिली. काही पानं स्टेपल करून मग दिली.

आज मंगळवार. क्लोझापीनने पांढऱ्या पेशी घसरत नाहीत ना हे बघायला दर आठवड्याला रक्त, त्यातला आजचा अठरावा. यानंतर वर्ष पुरं होईपर्यंत पंधरवड्याने, पुढे महिन्यातून एकदा. आजवरचे सतराही मंगळवार मी नेलंय. आज दोघं बापलेक गेले. मी दारात उभी राहून सूचना द्यायच्या नाहीत असं ठरवलं होतं, आणि दोनच दिल्या.

अर्ध्या तासाने यांचा फोन. फाइल घरीच राहिली. शिवाय लॅबसमोर जागा नाही, तिसरी चकर चालू आहे.

"आणि तो?"

"तो मघाशीच वर गेला. म्हणाला, तुम्ही लावा गाडी, मी येतो देऊन."

वही यांच्याकडे आहे. म्हणून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं: मंगळवार, 18 वा. एकटा वर गेला.