जहाजावर दिवसभर करता तरी काय?

नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या काठाने सकाळी फिरायला येणाऱ्यांत मी 'जहाजावर सुट्टी घालवणाऱ्या काकू' म्हणून ओळखली जाते. त्यामुळे कोणाची निवृत्ती जवळ आली किंवा कोणाच्या लग्नाला पंचवीस वर्षे व्हायची असली, की तोच प्रश्न मला पुन्हा ऐकायला मिळतो: "पण काकू, चारही बाजूंनी पाणी, मध्येच उतरायची सोय नाही, मग दिवसभर तिथे करता तरी काय तुम्ही?" विचारणाऱ्यांपैकी काहींना खरोखर जायचे असते, तर काहींना आपले पैसे वाचले याची खात्री करून घ्यायची असते. म्हणून दोघांनाही पुरेल असे उत्तर एकदा नीट लिहून काढते.

उत्तराचा गाभा असा, की मी तिथे फारसे काही करत नाही आणि त्यासाठीच पैसे मोजते. आपल्या नेहमीच्या सहलीत दर एक-दोन दिवसांनी बॅगा भरायच्या, हॉटेलची खोली सोडायची, बस पकडायची, संध्याकाळी नव्या गावी पुन्हा बॅगा उघडायच्या आणि रात्री चांगले जेवण कुठे मिळेल याची चौकशी करायची, यातच बाईमाणसाची अर्धी सुट्टी संपते. जहाजावर कपडे एकदाच कपाटात लावले की शेवटच्या दिवसापर्यंत बॅगेला हात लावावा लागत नाही. आपण झोपलेलो असताना जहाज ताशी तीस-पस्तीस किलोमीटर वेगाने पुढे जात असते आणि सकाळी पडदा सरकवावा तर दुसरे बंदर समोर असते. राहणे, जेवणे, करमणूक आणि प्रवास या चारही गोष्टी एकाच भाड्यात, एकाच छताखाली मिळतात, हे या सुट्टीचे मूळ गणित आहे.

ही कल्पना जुनीच आहे. पी अँड ओ कंपनीने १८४४ साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनहून जिब्राल्टर, माल्टा, अथेन्स अशा सहली काढल्या होत्या. हॅम्बुर्गचा जहाज व्यावसायिक अल्बर्ट बालिन याने १८९१ साली अटलांटिक पार करणारे एक मोठे जहाज हिवाळ्यात रिकामे ठेवण्याऐवजी भूमध्य समुद्रात सहलीसाठी नेले आणि १९०० साली केवळ सहलीसाठी बांधलेले जहाज पाण्यात उतरवले. खरे वळण मात्र १९५८ नंतर आले. जेट विमाने अटलांटिक काही तासांत ओलांडू लागली आणि जहाजाने अमेरिकेला जाण्याचे कारणच उरले नाही. मग पोहोचण्यासाठी नव्हे, तर फिरून परत येण्यासाठी जहाजे चालवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. रॉयल कॅरिबियन १९६८ सालची आणि कार्निव्हल १९७२ सालची. आपल्याकडे मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज २०२१ पासून गोवा, कोची आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागले आणि तेव्हापासून विदर्भातल्या मध्यमवर्गीय घरांतही हा विषय निघू लागला. (माझ्या मुलीचे सासरे रत्नागिरीचे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटींतून त्यांनी लहानपणी प्रवास केला आहे, आणि पैसे देऊन हौसेने बोटीत कोण बसते, हे त्यांना अजूनही उमगलेले नाही.)

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. जाहिरातींत बंदरांची नावे ठळक छापलेली असतात आणि लोकही 'किती ठिकाणे पाहायला मिळतात' यावरच सहल जोखतात. माझे मत नेमके उलटे आहे. ज्या दिवशी जहाज कुठेच थांबत नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत नुसते चालत राहते, तोच या सुट्टीचा खरा दिवस होय. आपण मुंबईच्या समुद्रापासून रेल्वेने आठशे किलोमीटरांहून अधिक दूर राहणारी माणसे. आपले क्षितिज कुठल्या तरी इमारतीने, टेकडीने किंवा उड्डाणपुलाने अडवलेले असते. मी भूगोल शिकवीत असे, तेव्हा पृथ्वीच्या वक्रतेमुळे क्षितिजाचे अंतर कसे ठरते ते फळ्यावर आकृती काढून समजावीत असे. जहाजाच्या तीस मीटर उंचीच्या डेकवर उभे राहिले की सर्व दिशांना सुमारे वीस किलोमीटरपर्यंतचे पाणी दिसते, म्हणजे आपण चाळीस किलोमीटर व्यासाच्या एका पूर्ण वर्तुळाच्या मध्यावर असतो आणि ते वर्तुळ आपल्याबरोबर चालत असते. फळ्यावरच्या आकृतीत ही गोष्ट कळते, पण डोळ्यांना पटते ती तिथेच.

शिवाय समुद्र दिवसभर सारखा राहत नाही. मुंबईजवळ खाड्यांच्या गाळामुळे पाणी मातकट असते. किनारा मागे पडला की ते हिरवट होते आणि खोल समुद्रात गडद निळे, कारण स्वच्छ पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा भाग शोषून घेते आणि निळा भाग परत पाठवते. लक्षद्वीपजवळ प्रवाळांनी वेढलेल्या उथळ पाण्याचा रंग पुन्हा वेगळा. नशीब असेल तर उडत्या माशांचे थवे जहाजाच्या बाजूने पाण्यावरून सरसर जाताना दिसतात. किनाऱ्यापासून थोडे दूर गेले की मोबाइलची रेंज जाते आणि जहाजावरच्या इंटरनेटचे पैसे वेगळे पडत असल्याने निम्मी माणसे ते घेत नाहीत. नवरा-बायको एकमेकांशी बोलू लागतात, आजोबा नातवंडांबरोबर पत्ते खेळतात. ज्यांना हे सारे कंटाळवाणे वाटते त्यांच्यासाठी तंबोला, नाच, जादूचे प्रयोग, पोहण्याचा तलाव असे सगळे काही असते. त्याची यादी माहितीपत्रकात मिळेल, म्हणून मी ती देत नाही.

दुसरा प्रश्न ठरलेलाच: "बोट लागली तर?" मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात आणि ते जहाजाचे डोलणे पुष्कळ कमी करतात. 'एम्प्रेस' हे १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले जहाज ४८ हजार टनांहून मोठे, म्हणजे साधारण 'टायटॅनिक'एवढे आहे. २०२४ साली निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' तर २ लाख ४८ हजार टनांचे आणि ३६५ मीटर लांबीचे आहे. (जहाजांचे हे टन वजनाचे नसून आतील एकूण जागेचे माप असते.) तरीही समुद्र खवळला की जहाज हलणारच. ज्यांना घाटात मळमळते त्यांनी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. वरच्या मजल्यावरच्या, अगदी पुढच्या टोकाच्या महागड्या खोल्यांत ते सर्वांत जास्त जाणवतात, ही गंमत बुकिंग करणारे सहसा सांगत नाहीत. डॉक्टरांना विचारून गोळी जवळ ठेवावी, मळमळू लागल्यास उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावे, आणि जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्राच्या वाटेला जाऊ नये.

पैशांबाबत थोडे स्पष्ट बोलते. खिडकी नसलेली आतली खोली, खिडकीची खोली, बाल्कनीची खोली आणि स्वीट अशी चढती भाजणी असते. जाहिरातीतले भाडे एका खोलीत दोन माणसे धरून माणशी सांगितलेले असते; एकट्याने जायचे झाल्यास बहुधा जवळपास दोघांचे भाडे भरावे लागते. त्यावर कर, बंदर शुल्क आणि सेवकवर्गाची टिप लागते. मद्य, इंटरनेट, काही खास उपाहारगृहे आणि बंदरावरच्या सहली यांचे पैसे निराळे. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, प्रत्येक खर्च खोलीच्या कार्डावर चढतो, आणि म्हणूनच तो जाणवत नाही. कार्डावरचा हिशेब रोज रात्री पाहावा. समुद्र पाहायला निघालेल्या माणसाने निदान खिडकी तरी घ्यावी, असे माझे मत आहे. बाल्कनी घेऊन दिवसभर बुफेच्या रांगेत उभे राहणारेही मी पाहिले आहेत.

बुफेचा विषय निघालाच आहे, तर भारतीय प्रवाशांच्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवण व्यवस्थित मिळते. सावजीच्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला ते सपकच लागणार. जेवणापूर्वी हात मात्र साबणानेच धुवावेत, कारण जहाजांवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला सहसा दाद देत नाही.

बंदरावर वेळ थोडा मिळतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंतचे काही तास. गोव्यात तेवढ्या वेळात एखादे चर्च, एखादे देऊळ आणि एखादा किनारा होतो. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर जहाज धक्क्याला लागत नाही. ते प्रवाळांच्या बाहेर, खोल पाण्यात उभे राहते आणि लहान होड्यांनी बेटावर नेतात. लाटा मोठ्या असल्या तर बेटावर उतरणे रद्दही होते, त्यामुळे केवळ लक्षद्वीपवर पाय ठेवण्यासाठी जाणाऱ्याची निराशा होऊ शकते. परतण्याची दिलेली वेळ म्हणजे खरोखर परतण्याची वेळ. स्वतंत्रपणे भटकायला गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही.

हाच नियम निघतानाही लागू आहे. नागपूरहून संध्याकाळच्या गाडीने निघालो की सकाळी सीएसएमटीला उतरता येते आणि तिथून बंदर जवळच आहे, म्हणून अनेकजण त्याच दिवशी चढण्याचा बेत करतात. मी तो करत नाही. गाडीला उशीर झाला तर तिकिटाचे सगळे पैसे बुडतात, म्हणून आदल्या दिवशी मुंबईत पोहोचावे. सिंगापूरहून सुटणारी फेरी मलेशियाला जाऊन परत सिंगापूरला येत असेल तर सिंगापूरचा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो, कारण जहाज निघताच आपण तो देश सोडलेला असतो. मोठ्या बॅगा आपल्याकडून घेऊन नंतर खोलीवर पोहोचवतात, त्यामुळे औषधे, कागदपत्रे आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत असावा. इस्त्री नेऊ नये. आगीच्या भीतीने ती काढून घेतात.

सुरक्षेची कवायत टाळू नका, एवढे मी प्रत्येकाला हट्टाने सांगते. इटलीजवळ १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आपटले आणि ३२ माणसे गेली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत तेव्हा व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला आणि आता कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घ्यावी लागते. भोंग्याचे सात लहान आणि एक लांब आवाज ऐकले की ठरलेल्या जागी जमायचे असते. आपली ती जागा कोणती, हे चढल्या दिवशीच चालत जाऊन पाहून यावे.

माझी भाची पर्यावरणाचा मुद्दा काढते आणि तो मला खोडता येत नाही. जहाजे पुष्कळ इंधन जाळतात. इंधनातल्या गंधकावर २०२० पासून जागतिक मर्यादा आली आहे आणि व्हेनिसने २०२१ साली मोठी जहाजे आपल्या मुख्य कालव्यांतून हद्दपार केली, पण त्यामुळे प्रश्न मिटलेला नाही. मी दरवर्षी जात नाही, याचे एक कारण हेही आहे.

मग जावे कोणी? देवळे, बाजार, किल्ले डोळे भरून पाहायचे असतील त्यांनी आगगाडीने जावे. जहाज त्यांना प्रत्येक ठिकाण अर्धवट दाखवून परत आणील. गुडघे दुखत असलेल्या आईवडिलांना आणि लहान नातवंडांना एकत्र न्यायचे असेल, किंवा काही दिवस कोणताही निर्णय घ्यायचा नसेल, तर अवश्य जावे. पहिल्या वेळी शनिवार-रविवारची दोन रात्रींची फेरी घेऊ नका. तिच्यात गाणी-बजावणी आणि गोंगाट फार असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधली, कामाच्या दिवसांतली, आणि जिच्या वेळापत्रकात निदान एका दिवसासमोर बंदराचे नाव न लिहिता फक्त 'समुद्रात' असे लिहिलेले असेल, अशी फेरी निवडा.