जोडी जमली आणि गोष्ट संपली: 'टुगेदर'चं नेमकं काय बिघडलं

थाई बीएल (बॉईज लव्ह, म्हणजे दोन मुलांच्या प्रेमकथांच्या सिरीज) बघायला नव्याने सुरुवात करणाऱ्याला हमखास सुचवली जाणारी सिरीज म्हणजे 'टुगेदर: द सिरीज'. जीएमएमटीव्ही या थाई कंपनीची ही सिरीज २१ फेब्रुवारी ते १५ मे २०२० या काळात दर शुक्रवारी एक अशी तेरा भागांत आली. ब्राइट आणि विन या नटांची जोडी आशियाभर घराघरांत पोचली ती हिच्यामुळेच. लॉकडाऊनमध्ये या प्रकाराकडे वळलेले कितीतरी प्रेक्षक इथूनच आले. म्हणून तर तिच्या उत्तरार्धाबद्दल जास्त वाईट वाटतं. (पुढे कथानक उघड केलं आहे.)

सुरुवात उत्तम आहे. कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या टाइनच्या मागे ग्रीन नावाचा मुलगा लागलाय. त्याला टाळण्यासाठी टाइन कॉलेजमधल्या सगळ्यात लोकप्रिय मुलाला, राज्यशास्त्राच्या सारावतला, खोटा बॉयफ्रेंड व्हायची गळ घालतो. सारावत अबोल, फुटबॉल खेळणारा, गिटार वाजवणारा. या मांडणीत प्रत्येक प्रसंगाला आपोआप दोन थर मिळतात: टाइन नाटक करतोय आणि सारावत करत नाहीये. हे प्रेक्षकाला टाइनच्या आधी कळतं. त्यामुळे नुसतं गिटार शिकवताना बोटं धरून कॉर्ड दाखवणंही रंगतं. स्क्रब या खऱ्याखुऱ्या थाई बँडची गाणी गोष्टीत विणली आहेत. टाइन त्या बँडचा वेडा चाहता आहे, म्हणून गाणं वाजलं की ते पार्श्वसंगीत राहत नाही, दोघांमधलं संभाषण होतं. सिरीजचा हा भाग आजही कुणालाही दाखवावा.

बिघडतं ते पुढे, आणि त्याचं कारण पटकथेच्या हिशेबात आहे. खोट्या नात्याची गोष्ट तीन गोष्टींवर चालते: खोटं बोलण्याचं कारण, पकडले जाण्याची भीती, आणि एकाच्या मनातलं न बोललेलं खरं प्रेम. 'टुगेदर'मध्ये या तिन्ही एकामागोमाग वापरून संपतात. ग्रीनचं प्रकरण म्युझिक क्लबचा अध्यक्ष डिमकडे वळतं, म्हणजे कारण गेलं. त्यांचं खोटं उघडं पडल्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतंच, म्हणजे भीती मुळातच कमकुवत. आणि सारावतला टाइन शाळेच्या काळातल्या स्क्रबच्या कॉन्सर्टपासूनच आवडत होता हे समजलं की तिसरा धागाही सुटतो. दोघं खरोखरचे जोडीदार होतात. भाग मात्र अजून शिल्लक असतात.

मग ती जागा भरावी लागते. टाइनचा मोठा भाऊ टाइप आणि सारावतचा मित्र मॅन यांचं एक प्रकरण, मिल नावाचा मुलगा आणि सारावतचा धाकटा भाऊ फूकाँग यांचं दुसरं. उपजोड्या असायला हरकत नाही, पण त्यांच्यामुळे मुख्य जोडीसमोर नवा पेच उभा राहायला हवा. इथे त्या फक्त वेळ खातात. शेवटाकडे सारावतच्या भूतकाळातली पाम नावाची मुलगी येते. सारावतचं तिच्यावर प्रेम आहे असा टाइन मनाशी निष्कर्ष काढतो आणि विचारतच नाही. एका प्रश्नाने मिटला असता असा गैरसमज शेवटापर्यंत ताणला जातो. इतका वेळ ज्याला बोलका, तडकाफडकी बोलून मोकळा होणारा म्हणून दाखवलं, तोच टाइन ऐनवेळी गप्प का बसतो, याचं उत्तर पात्रात सापडत नाही. ते फक्त शेवटच्या भागाच्या गरजेत आहे.

जवळिकीचंही तसंच. चुंबनाची धमकी हा सारावतचा आवडता विनोद. नातं खोटं असताना सतत ताण, आणि नातं खरं झाल्यावर डोक्यावरून हात फिरवणं नि संकोच. प्रश्न दृश्य किती धीट हवं हा नाही. एकत्र राहणारी दोन तरुण मुलं एकमेकांशी ज्या सहजतेने वागतील, ती सहजताच हरवते.

ग्रीनबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. सगळ्या गोष्टीत सुरुवातीपासून जो उघडपणे समलिंगी आहे, तोच विनोदाचा विषय आणि तोच टाळायचा उपद्रव. त्याचा बायकी अभिनय हसण्यासाठी ठेवलाय. नायक मात्र आपल्याला मुलीच आवडतात हे पुन्हा पुन्हा सांगतो. प्रेमकथा दोन मुलांची आणि चेष्टा गे मुलाची, ही त्या काळच्या अनेक थाई बीएलची खोड इथे सगळ्यात ठळक दिसते.

याच कंपनीची २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली 'बॅड बडी' शेजारी ठेवून बघा. बारा भाग, पॅट इंजिनीअरिंगचा, प्रान आर्किटेक्चरचा, घरं शेजारी आणि दोन्ही कुटुंबांत हाडवैर. पाचव्या भागाच्या शेवटी गच्चीवरचं चुंबन येतं. म्हणजे निम्मी सिरीज बाकी असताना प्रेम कबूल झालेलं. तरी ती ढेपाळत नाही, कारण इथे लपवाछपवी प्रेम जमल्यावर खऱ्या अर्थाने सुरू होते आणि पकडले गेले तर आईवडील दुरावणार असतात. 'टुगेदर'मध्ये प्रेम जमताच लपवायचं काही उरत नाही. दोन्हींच्या लयीतला फरक इथून येतो, नटांमधून नाही. ब्राइटचा थोडक्या शब्दांतला सारावत आणि विनचा गडबड्या टाइन शेवटपर्यंत आपापल्या जागी पक्के आहेत.

बघायचीच असेल तर जोडी जमेपर्यंतचे भाग सलग बघा. त्यानंतर टाइप-मॅनची दृश्यं पुढे ढकलली तरी मुख्य कथेचं काही चुकत नाही. पामचा घोळ मात्र शेवटच्या भागासाठी बघावा लागतो. मग लगेच 'स्टिल टुगेदर' लावा: ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये आलेले पाच भाग, त्याच दोघांचं एकत्र राहणं आणि क्लबची कामं. त्यात जोडपं जोडप्यासारखं वागतं, आणि मूळ सिरीजच्या उत्तरार्धात जे हवं होतं त्यातलं बरंचसं तिथे मिळतं.