विद्यापीठ गेट आणि पुलोद

आज मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी संभाजीनगरला गेलो होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटपाशी तिने विचारलं, "बाबा, नामांतर नेमकं कुणी केलं?"

तिथेच चहाच्या टपरीवर बसून सांगत राहिलो. 18 जुलै 1978 ला शरद पवार पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे, मुख्यमंत्री झाले, वय चाळिशीच्या आत. सोबत जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष. अवघ्या नऊ दिवसांत विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव मंजूर झाला आणि मराठवाडा पेटला. दलितांच्या वस्त्या जळाल्या. अंमलबजावणी थांबली, फेब्रुवारी 1980 मध्ये सरकारही बरखास्त झालं. जुनं नाव ठेवून त्याला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं, म्हणजे नामविस्तार झाला, तो 14 जानेवारी 1994 ला, तेव्हाही मुख्यमंत्री पवारच.

मधली सोळा वर्षं लाँग मार्च काढणाऱ्यांची, जीव देणाऱ्यांची. ते सांगताना माझा गळा दाटून आला. पोरीने गेटकडे बघत हात जोडले.